सायीवरून लागलेली नोकरी

मला नोकरी लागली ती चहावरच्या सायीमुळे. बी.एस्सी.चं गुणपत्रक फाईलमध्येच राहिलं. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये तांदळाचे नमुने तपासायला मुलगी हवी होती, म्हणून मी नागऱ्याहून ऑटोने आले होते. मॅनेजरकाकांनी समोर चहा ठेवला, मी बोटाने साय काढून बशीच्या काठाला लावली, आणि काका टेबलावर थाप मारून म्हणाले, "झालं. तुले घेतलो."

मला वाटलं, थट्टा करताहेत. म्हटलं, "काका, सर्टिफिकेटं तर बघा."

"सर्टिफिकेटं साऱ्याइजवळ रायतात, बाई. जो साय ठेवत नाही, तो तांदळात खडा कसा ठेवन?"

माणूस निवडायची त्यांची ही रीत सगळ्या मिलला ठाऊक होती. मळक्या पांढऱ्या शर्टात, भुवयांवर तांदळाच्या कोंड्याची भुकटी घेऊन ते बसायचे आणि समोरच्याला भलतंच काहीतरी विचारायचे. ड्रायव्हरला घेतलं, कारण त्याने आपली सायकल सावलीत लावताना काकांची लुनाही सावलीत ओढली होती. तो निघाला सोन्यासारखा. चौकीदाराला घेतलं, कारण त्याला पाहून गेटवरचा कुत्रा भुंकला नाही. पुढे कळलं, तो चौकीदार येताना गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना पोळी घालतो, आणि मग ते कोणावरच भुंकत नाहीत. एका टायपिस्टाला तर नुसत्या झोकदार सहीवर ठेवलं होतं. टायपिंग त्याला येत नव्हतं. कोणी हटकलं की काका म्हणायचे, "सही पाह्य न बे त्याची! टायपिंग का, शिकून राहिला तो."

मीही त्यांना पुष्कळ चिडवायची. पण एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी कळली होती, आणि ती मी कधी चेष्टेवारी नेली नाही. काकांनी मला आडनाव विचारलं नाही. त्याआधी मी तीन ठिकाणी जाऊन आले होते. तिन्ही ठिकाणी नाव सांगितलं की "पुढे?" असा प्रश्न यायचा. आडनाव सांगितलं की "मोहल्ला कोणता?" मग चेहरे हसरे व्हायचे आणि "फोन करतो" असं उत्तर यायचं. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात शिकण्याचा हट्ट आहे, पण त्या फोनची वाट बघता बघता आई म्हणायला लागली होती, "बिड्याच वळ आता माझ्यासंगं." काका म्हणायचे, "आडनाव मंग कागदावर येतेच. आधी कायले विचाराचं?" त्यांची कारणं सगळी वाईट होती, मान्य. पण ते जे एक कारण सगळीकडे चालतं, ते त्यांनी कधी वापरलं नाही.

तीन महिने बरे गेले. माझे रिपोर्ट इतके छान यायचे की काका ते मिलचे मालक शेठजींना दाखवायला स्वतः घेऊन जायचे. आणि एके दिवशी सरकारी गोदामातून आमचा ट्रक परत आला. तांदळात तुकडा जास्त, काळा दाणा जास्त, शिवाय खडे. माझ्या रिपोर्टात यातलं काहीच नव्हतं.

चूक सापडायला अर्धा दिवस लागला. काकांनी मला नवा नमुना दिला आणि शेजारी उभं राहून बघत राहिले. मी थाळीत तांदूळ ओतले, आणि वजनकाट्याकडे वळण्याआधी माझी बोटं आपोआप चालायला लागली. खडा बाजूला, काळा दाणा बाजूला, तुकडा बाजूला. बाजूला केलेलं टोपलीत. मग उरलेल्या स्वच्छ तांदळाची मी मन लावून तपासणी केली. लहानपणापासून घरात तांदूळ निवडतच मोठी झालेली मी. तपासण्याआधी निवडायचं नसतं, हे माझ्या हातांना कोणी सांगितलंच नव्हतं. काकांनी कपाळावर हात मारला. "अवं बाई! हे त तू सैपाकाले बसून राहिली!"

हसू कोणालाच आलं नाही. शेठजींनी काकांना आत बोलावलं. दार उघडंच होतं.

"किस बेस पे रखा था इसको?"

"चाय की मलाई पे, शेठजी." काका खोटं बोलले नाहीत, आणि मला मात्र भिंतीत शिरावंसं वाटलं.

नंतर दार लागलं. मी बाहेर बाकावर बसून एवढाच विचार करत होते, की ही नोकरी गेली तर माझी एकटीची जाणार नाही. आमच्या मोहल्ल्यातली पुढची मुलगी इथे आली, तर "मागच्या वेळी घेतली होती तुमच्यातली एक" असं तिला ऐकवलं जाईल. अर्ध्या तासाने काका बाहेर आले. "शेठ म्हनले, एक डाव माफ. आता जे काढशीन ते फेकू नोको. वाटीत ठेव न तेच मोज." मी शेठजींना मनात हजारदा धन्यवाद दिले.

पुढच्याच महिन्यापासून माणसं नागपूरच्या एका एजन्सीमार्फत यायला लागली. फॉर्म, फोटो, ऑनलाईन परीक्षा. कोणी मुलाखतीला आलं की काका लुना काढून उगाच बाजारात जाऊन यायचे.

चार वर्षांनी ते रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मला बोलायला सांगितलं, आणि मी सगळ्यांना पोटभर हसवलं. म्हटलं, "काकांच्या हातून मुलाखती गेल्या, म्हणून तर ही मिल वाचली!" सगळ्यात मोठ्याने काकाच हसले. शेठजी तेवढे हसले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर जवळ येऊन म्हणाले, "तुझे पता नहीं है क्या? उस दिन मैं तुझे निकाल रहा था. तेरा काका बोला, लड़की को रहने दो, बदले में आज के बाद मैं किसी को नहीं रखूँगा."

मी तशीच गेटकडे पळाले. काका हार हँडलला अडकवून लुना सुरू करत होते.

"काका, काऊन केलं असं? आणि मला सांगितलं पण नाही!"

काकांनी आणखी एक पायडल मारलं. मग म्हणाले, "चूक तुझ्या हाताची होती, बाई. तुले काढले असते, त लोकाइनं ते चूक आडनावाची म्हनली असती. मले ते आयकाचं नोयतं."

मला रडू फुटलं. भाषणात मी काय बोलून बसले होते, त्याची माफी मागायची होती. काकांनी माझ्याकडे न बघता हेल्मेटचा पट्टा लावला.

"भाषन मस्त झालं तुझं," ते म्हणाले. "मी बी हासलो. जाय आता, संध्याकाळचा नमुना आला असन."