मागे कोण उभं राहणार

“मागे उभं राहायला काय, कुणीही चालेल,” फ्लायरची आई बंगालीत म्हणाली. मी तिच्यापासून दोन हातांवर, भिंतीला टेकून बुटांच्या नाड्या बांधत होते. तिने आवाज खाली आणला नाही, कारण मला बंगाली येत नाही असा तिचा समज होता. तो समज होण्यात माझाच हात होता. कोलकात्याला येऊन पाच वर्षं झाली होती आणि सगळं कळत होतं, पण बोलायची वेळ आली की मी हिंदीतलं एखादं छोटं वाक्य पुढे करायचे आणि त्याच्यामागे लपायचे.

दादा, म्हणजे आमचे कोच, त्यावर नुसतं “बघू” म्हणाले. मी बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

मागे उभी राहणारी म्हणजे मी. चीअरलीडिंग म्हटलं की आमच्या नातेवाइकांना क्रिकेटच्या सामन्यात नाचणाऱ्या मुली आठवतात, म्हणून आई फोनवर त्यांना ‘जिम्नॅस्टिक्ससारखंच असतं’ असं सांगून विषय बदलते. आमच्या संघात नाच कमी आणि उचलणं जास्त. दोन मुली समोरासमोर उभ्या राहून तिसरीचे पाय तळहातांवर घेतात आणि ती वर उभी राहते. ती फ्लायर. चौथी तिच्या मागे उभी राहते, तिचे घोटे धरते, आणि ती पडलीच तर तिची पाठ आणि मान झेलते. आकडे मोजायचं कामही मागचीचंच. मी ‘वन’ म्हटल्याशिवाय कुणी गुडघा वाकवायचा नाही. डमडमच्या त्या क्लबच्या हॉलमध्ये मी मोठ्याने काही बोलले असेन तर ते एवढंच. वन ते एट.

त्या वर्षी स्पर्धा घेणाऱ्यांनी वयाचे गट बदलले. आधी अठरापर्यंतच्या सगळ्या मुली एकाच गटात असायच्या आणि कोणत्या लेव्हलला उतरायचं ते कोच ठरवायचा. आता त्याचे दोन गट झाले, पंधरापर्यंतचा खालचा आणि त्याच्या पुढचा वरचा. खालच्या गटाला फ्लायरला एका पायावर उभं करायचं असेल तर फक्त खांद्याच्या उंचीपर्यंत परवानगी. डोक्यावर, हात सरळ ताठ करून, एका पायावर उभं करणं हे फक्त वरच्या गटात. लहान मुलगी वरच्या गटात जाऊ शकते, पण मोठी खालच्या गटात येऊ शकत नाही. संघात एक जरी मोठी असली तरी सगळा संघ वर.

आमची फ्लायर तेरा वर्षांची होती, दोघी उचलणाऱ्या पंधराच्या. मी सतरा. म्हणजे ती एक मोठी मीच होते. मला वगळलं की संघ खालच्या गटात बसत होता.

उचलणाऱ्या दोघींपैकी एक बजबजहून लोकलने यायची, सियालदाला गाडी बदलून, आणि इतक्या प्रवासानंतरही तिच्या तोंडाला विश्रांती नसायची. नियम कळला त्या दिवसापासून तिने मला ‘ठाकुमा’ म्हणायला सुरुवात केली. ठाकुमा म्हणजे आजी. “ठाकुमा, सांभाळून बस, गुडघे दुखतील.” बाकीच्या हसायच्या, मीही हसायचे. मला तिचा राग येत नव्हता. राग यायचा तो सगळ्यांच्या समजूतदारपणाचा. कुणी मला जा म्हणत नव्हतं. दादा म्हणाले, तू येत राहा, मुलींना मदत होईल. कुणी म्हणालं, व्हिडिओ कोण काढणार, तूच काढ. मला एकाएकी खूप कामं मिळाली होती, आणि त्यातलं एकही माझं नव्हतं.

उन्हाळ्यात बाबांची बदली होणार हे घरात ठरलेलं होतं. सरकारी कंपनीतली नोकरी, दर काही वर्षांनी सामान बांधायचं. माझ्यासाठी याच्या पुढचं वर्ष नव्हतं. ही एकच स्पर्धा होती.

घरी मी आईला फ्लायरच्या आईचं ते ‘कुणीही चालेल’ सांगितलं. आई मेथी निवडत होती. म्हणाली, “मग तू काय म्हणालीस?”

मी मेथीची एक जुडी पुढे ओढली.

“घरात तोंडाचा पट्टा चालू असतो नुसता. बाहेर पडलीस की दातखीळ बसते.”

तिला कसं सांगणार? मला आधी सगळं इंग्रजीत सुचतं. शाळेने लावलेली सवय. नीट, कर्ता-क्रियापद जागेवर असलेलं वाक्य डोक्यात तयार होतं, मग मी त्याचं हिंदी करायला घेते, आणि ते होईपर्यंत समोरची माणसं चहाकडे वळलेली असतात. त्या दिवसांत माझ्याकडे कितीतरी चांगली वाक्यं साठली होती. मेट्रोत उभी राहून मी ती मनात म्हणायचे, आणि डमडम आलं की उतरायचे.

दुर्गापूजेनंतरच्या आठवड्यात माझ्या जागेवर एक नवी मुलगी आली. चौदा वर्षांची, खांद्याने रुंद, आणि माझ्याइतकीच मुकी. तिला मीच शिकवायचं असं ठरलं. मी तिला सांगितलं, वर बघायचं ते फ्लायरच्या डोक्याकडे नाही, कमरेकडे. कंबर सरकली की पुढच्या क्षणी सगळंच सरकतं. ती ऐकायची, आणि दुसऱ्या दिवशी ते बरोबर करून दाखवायची. हे मला आवडायला हवं होतं. मी घरी जाऊन दार आपटायचे.

मग हवा पालटली. आमच्या भागातून वरच्या गटात आणखी फक्त दोनच संघ उतरणार आहेत, अशी बातमी दादांनी कुठूनतरी आणली. आम्ही धरून तीन. तिघांना तीन पदकं. म्हणजे मंचावर जाऊन कुणी पडलं नाही की पदक पक्कं. खालच्या गटात मात्र गर्दी होती. हा हिशोब आमच्या खेळात सगळेच करतात, त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. वरच्या गटात गेलं तर एका पायावरचा उंच स्टंटही करता येणार होता, आणि फ्लायरच्या आईला तोच फोटो हवा होता. मुलगी सगळ्यांच्या डोक्यावर, एक पाय कानाला लावलेला.

त्या संध्याकाळी तिने माझ्यासाठी संदेश आणला, नव्या गुळाची ती बंगाली मिठाई. डबा माझ्या हातात देऊन हिंदीत म्हणाली की तू तर आमची मोठी मुलगी आहेस, तुझ्यावाचून कसं होईल. मी “थँक यू, काकीमा” म्हटलं. संदेश चांगला होता, त्याचाही मला राग आला. सगळ्यात जास्त राग याचा आला की मला आनंद झाला होता. नवी मुलगी भिंतीला टेकून बसली होती, आणि खाली मान घालून बुटाच्या नाडीशी काहीतरी करत होती.

आम्ही उंच स्टंटचा सराव सुरू केला.

फ्लायर पूजेच्या सुट्टीत उंच झाली होती. एस्प्लनेडच्या बाजारात घेतलेली तिची सरावाची पँट आता घोट्याच्या बरीच वर राहायची. मुली वाढतात, त्यात तिचा काय दोष? पण तिचा तोल जिथे असायचा तिथे आता नव्हता. खांद्यापर्यंत ती ठीक उभी राहायची. डोक्यावर नेऊन तिने एक पाय उचलला की दुसऱ्या पायाचा घोटा माझ्या मुठीत थरथरायला लागायचा. पंख्याला चिकटलेला कागद थरथरतो तसा, बारीक, न थांबता.

समोरून ते दिसत नव्हतं. समोरून तिचं हसू दिसायचं. चीअरलीडिंगमध्ये पहिल्या दिवसापासून हसायला शिकवतात, आणि ती हसण्यात पक्की होती. दादा समोर उभे असायचे, तिची आई समोर फोन धरून उभी असायची. मागे मी एकटी होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर तिची टाच होती.

दोनदा ती सुटली. मी झेललं. माझ्या गळ्याखालच्या हाडावर तिचं कोपर लागून निळा डाग पडला, तो मी ओढणीखाली झाकला. दादा म्हणाले, हो जाएगा, अभी टाइम है. ते वाईट माणूस नव्हते. आमच्यासाठी हॉलच्या तारखांवरून लग्नवाल्यांशी भांडायचे. त्यांना खरंच वाटत होतं की होईल.

दुसऱ्यांदा पडली त्या दिवशी ती पाणी प्यायला माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “दीदी, कसके पकडना. और माँ को मत बोलना.”

मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं.

पण घट्ट धरून काही होत नव्हतं. घोटा जितका घट्ट धरावा तितकी थरथर माझ्या हातात येत होती, एवढंच. घरी झोपण्याआधी मी वैतागून सगळ्यांना बोल लावायचे. सोयीने गट कापणाऱ्या त्या लोकांना. फोटोची हौस असलेल्या तिच्या आईला. एकाच सुट्टीत एवढी वाढलेल्या त्या पोरीलाही. खालच्या गटात गेलो तर खांद्याच्या उंचीवर ती निवांत उभी राहणार होती, हे मला माहीत होतं. आणि खालच्या गटात मी नव्हते. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि यातून एखादी तिसरी वाट निघते का हे मी पुन्हा पुन्हा बघायचे. निघत नव्हती. आईने विचारलं, एवढी चिडचिड कशाची? आता तर घेतलं ना तुला? मी म्हटलं, हो, घेतलं.

मग तो शनिवार आला. कोणत्या गटात उतरायचं ते त्या संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. दादांना त्याआधी उंच स्टंट एकदा सलग बघायचा होता. क्लबच्या पोरांनी कॅरम बाजूला सारला होता, खालच्या तेलेभाजाच्या दुकानातून तळणाचा वास वर येत होता. काकीमा फोन आडवा धरून समोर उभी होती. नवी मुलगी भिंतीपाशी.

आम्ही जागा घेतल्या. बजबजवाली पुटपुटली, “ठाकुमा, आज जरा लवकर मोज, माझी गाडी जाईल.” मी मोजलं. फ्लायर खांद्याच्या उंचीवर आली, दोन पायांवर, स्थिर. इथून पुढचा ‘वन’ तिला वर नेणार होता. मी घोटे धरले. थरथर आधीच सुरू झाली होती, पाय उचलण्याआधीच. समोर दादांनी बोट वर केलं. फ्लायर हसत होती, हे मला तिच्या मागूनही कळत होतं, कारण काकीमाही हसत होती.

सगळे माझ्या ‘वन’साठी थांबले.

तो काही आला नाही. डोक्यात नेहमीचं इंग्रजी वाक्य तयार व्हायला लागलं, पूर्ण, नीट, आणि या वेळी मी त्याच्यासाठी थांबले नाही. खालच्या दोघींना मी तिला उतरवायला सांगितलं. तिचे पाय मॅटवर टेकले तरी माझे हात तिच्या कमरेवर होते. दादांनी काय झालं म्हणून विचारलं. मी दादांकडे बघितलं नाही. मी काकीमाकडे बघितलं, आणि बोलले ते बंगालीत. मोडकंतोडकं, क्रियापदांच्या रूपांचा पत्ता नसलेलं, पण बंगालीत, म्हणजे आजवर मी काय काय ऐकलं होतं तेही तिला कळलं असणार.

“काकीमा, हिचा पाय वर जायच्या आधीच कापतोय. तुम्हाला समोरून दिसत नाही, मला मागून कळतं. हिला खालच्या गटात उतरवा, मी बाहेर राहते. आणि मागे कुणीही चालत नाही. ती तिथे बसलेली मुलगी चालेल, कारण तिला मी शिकवलंय.”