सरांच्या डोक्याचं माप

बिरादार सरांची माझी पहिली ओळख झाली ती बोलणी खाऊनच. मी जनवाड्याहून बीदरच्या एमआरआय केंद्रात तंत्रज्ञ म्हणून नुकतीच रुजू झाले होते. पहिल्या रुग्णाचं डोकं यंत्रात ठेवत होते, तेवढ्यात मागून सर म्हणाले, "मागल्या येळी कसं ठिवलं व्हतं, बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं. त्यांनी एक जाड वही पुढ्यात ठेवली. प्रत्येक रुग्णाचं डोकं कसं ठेवलं, कोणत्या मांडणीने चित्रं काढली, हे सगळं सरांनी स्वतः लिहून ठेवलेलं होतं. मला तेव्हा तो अतिरेक वाटला, हे त्यांच्या साठीच्या निमित्ताने कबूल करते.

सर रेडिओलॉजिस्ट. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांकडे त्यांचं विशेष लक्ष. या आजारात मेंदूतल्या नसांवरचं आवरण झिजतं आणि हळूहळू मेंदूही आटतो. पण वर्षभरात तो इतका थोडा आटतो, की नुसतं यंत्र बदललं तरी मापात तेवढा फरक दिसू शकतो.

भालकीच्या शिक्षिका सुनंदाक्का यांच्या वेळी मी नेमकं हेच विसरले. आमचं यंत्र बंद होतं, म्हणून त्यांची त्या वर्षीची तपासणी कलबुर्गीला झाली. मी आदल्या वर्षीचं आमच्या यंत्रातलं माप आणि हे नवं माप एकाखाली एक मांडून तक्ता पाठवून दिला. त्यात मेंदू बराच आटलेला दिसत होता. मेंदूविकारतज्ज्ञ अधिक जहाल औषध सुरू करणार होते, आणि ते सुरू झालं की मूल होऊ देणं काही वर्षं लांबणार होतं. लग्नाला आठ वर्षं झालेल्या अक्का आमच्या बाकावर बसून म्हणाल्या, "मला तर तरास कायबी वाढला न्हाई. मग औषध कामून बदलायलेत?"

सरांनी तक्ता पाहिला. तोवर आमचं यंत्र सुरू झालं होतं. सर स्वतः त्यात जाऊन झोपले आणि दुसऱ्या दिवशी कलबुर्गीच्या यंत्रात. मापं काढायला मलाच बसवलं. एका दिवसात सरांचा मेंदूही जवळपास अक्कांच्या एवढाच आटला होता! "कालच्यापरीस आज येडा झालो म्हणायचं व्हय मी?" सर एवढंच म्हणाले.

एका डोक्यावर भरवसा ठेवून ते थांबले नाहीत. वहीत पाहून अक्कांची तपासणी आमच्या यंत्रात, जुन्याच मांडणीने पुन्हा केली. आदल्या वर्षीच्या मापाशी फरक नगण्य निघाला. औषध बदललं नाही. सुधारित अहवालात सरांनी 'तुलना करताना माझ्याकडून चूक झाली' असं लिहून खाली सही केली. माझं नाव कुठेही नव्हतं. तो कागद वाचून मला रडू आलं, आणि मी सहसा रडणारी नव्हे.

तेव्हापासून सर दर वर्षी दोन्ही यंत्रांत झोपतात. यंत्रांमधला फरक तपासायला आम्हाला घरचंच डोकं मिळालं आहे. त्यांना त्याबद्दल आम्ही चिडवतो, तेही हसतात.

या सोहळ्यात सरांना शाल अक्कांची मुलगी देणार आहे. ती आता दुसरीत आहे.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. दर वर्षी त्यांनी आमच्या यंत्रात येऊन निवांत पडावं. मागल्या वेळी डोकं कसं ठेवलं होतं, ते मी आधीच बघून ठेवीन.