शुद्ध बोलणारी पोरगी

पवनीच्या बाजारात बी-खताचं दुकान चालवणारे आमचे शेजारी भोजराजभाऊ स्वतःला पालकांचेही पालक समजतात. कोणाचं पोरगं शाळेत मागं पडलं की गिऱ्हाईक सोडून सल्ला द्यायला बसतात. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी असतो. हे आपले युरियाच्या पोत्यावर.

त्यांची स्वतःची मुलगी हर्षा नववीत मराठीत कशीबशी सुटली. दहावीच्या सहामाहीत तर गटांगळीच खाल्ली. शाळेतल्या राखी मॅडमनी भाऊंना बोलावून पेपर दाखवला. निबंध जीव लावून लिहिलेला, पण घरात बोलतात तसाच: 'आजी मले गोष्ट सांगून राहिली होती.' मॅडम म्हणाल्या, "तिला रागावू नका. रोज थोडं वाचून घ्या, तिच्याशी गप्पा मारा." एवढं साधं काम. पण साधं काम करतील तर ते भोजराजभाऊ कसले!

घरी येऊन त्यांनी फर्मान काढलं. "आजपासून या घरात अशुद्ध बोलाचं नाही. 'मले' नाही म्हनाचं, 'मला' म्हनाचं! समजलं का तुले? नापास झाली तं शाळा बंद!"

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे या गृहस्थाला कोण सांगणार? बायको कुंताबाई म्हणाली, "तुमी तरी कोठं शुद्ध बोलता?" तर तिलाच दटावलं.

मग हर्षा 'मले भूक लागली' म्हणाली की तिचं ताट थांबायचं. दुकानात चुकली तर गिऱ्हाइकांसमोर पुन्हा म्हणावं लागायचं, आणि लोक हसायचे. मला त्या माणसाची किळस येऊ लागली. शाळेतून आल्याबरोबर आईपाशी भडाभडा बोलणारी पोरगी मान हलवून भागवायला शिकली. भाऊ मात्र बाजारभर सांगत फिरले, "पोरगी सुधरली. एक शब्द चुकीचा निघत नाही तोंडातून."

तोंडी परीक्षेत मॅडमनी तिला सोपा विषय दिला, 'माझं घर'. हर्षा उभी राहिली आणि तशीच खाली बसली. हे गुण एरवी कोणाचेच जात नाहीत. मॅडमनी बापाला पुन्हा बोलावलं.

"काहून वं, तोंड शिवलं होतं का?" भाऊ सगळ्या वर्गासमोर ओरडले.

हर्षा खाली बघत म्हणाली, "मला बोलता येत नाही."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. भोजराजभाऊंचा चेहरा मात्र खुलला.

"पाहा मॅडम," ते म्हणाले, "'मला' म्हनली!"