निर्मला मॅडम, फाइल लहान झाल्यानं ब्लाऊज घट्ट होत नाही

निर्मला मॅडमच्या घरच्या शिलाई क्लासमधे मी पहिल्यांदा आली तवा आईच्या मागे लपून उभी होती. नववीतून शाळा सुटली होती, घरीच बसून राहत होती, आणि कोणी काही विचारलं त तोंडातून आवाजच निघत नव्हता. मॅडमनी नाव विचारलं. मी खाली पाहिलं. शाळा काहून सोडली हे आमच्या सौंसर गावात ज्यानं त्यानं विचारून झालं होतं. मॅडमनी ते विचारलंच नाही. त्यांनी गळ्यातला टेप काढून माझ्या हातात दिला आणि म्हणल्या, "नाव राहू दे. या टेबलाची लांबी सांग." आता लांबी मोजल्यावर सांगा त लागतेच. या क्लासमधे मी बोललेला पहिला शब्द म्हणजे एक आकडा हाय. मॅडम म्हणल्या, "टेप उलटा धरला वं पल्लवी." माझं नाव त्यांनी आईकडून आधीच विचारून घेतलं होतं.

मॅडमले साठ वर्षं झाली म्हणून हे पुस्तक निघून राहिलं. क्लासच्या मोठ्या ताया म्हणल्या, पल्लवी, तू बी लिही. मी म्हटलं, मले लिहिता येत नाही. त्या म्हणल्या, बोलता त बी येत नाही, मग लिहूनच टाक. बाकीच्या सगळ्यांनी मॅडमचे गुण लिहिले असतील आणि ते सगळे खरे हायत. पण मॅडम माणसाले किती छळतात हे कोणी लिहिणार नाही, कारण सगळ्यांले त्यांच्याकडून ब्लाऊज शिवून घ्यायचे असतात. म्हणून ते मी लिहून राहिली. आदर ठेवूनच लिहून राहिली.

मॅडमची शिकवायची पद्धत पेपर कटिंगची हाय. आधी कागदावर त्या बाईच्या अंगाचा ब्लाऊज काढायचा, कापायचा, आणि मग कापडाले हात लावायचा. प्रत्येक कटिंगच्या कोपऱ्यात मॅडम चार इंचाची एक सरळ रेघ मारायले लावतात. काहून, ते त्या सांगत नाहीत. रेघ विसरली त कागद परत. मी कितीदा विसरली आणि कितीदा परत काढलं, ते विचारू नका.

अन् मॅडम कोणाचीच कटिंग फेकत नाहीत. त्या म्हणतात, सरळ अंगाचा ब्लाऊज बाजारात बी भेटते, आपल्याकडे येते ते ज्यांले बाजारातला बसत नाही ते. कोणाचा एक खांदा खाली हाय, कारण उभा जन्म त्या खांद्यावरून कापसाची गठडी वाहिली. कोणाच्या पाठीले बाक हाय. एक काकू हायत, त्यांचं छातीचं ऑपरेशन झालं. त्या पांढुर्ण्याकडून बसनं येतात. मॅडमनी त्यांचं माप आतल्या खोलीत, दार लावून, एकदाच घेतलं. एका बाजूनं आतून कापूस भरलेलं अस्तर येईल अशी कटिंग काढली आणि बाहेर आम्हाले एक शब्द सांगितला नाही. त्यानंतर काकू येतात, कापड ठेवतात आणि एवढंच म्हणतात, "जुन्या मापाचं." पुन्हा अंगाले टेप लावू देत नाहीत. हे लिहू का म्हणून मी काकूंलेच विचारलं. त्या म्हणल्या, "लिही, पण नाव नको टाकू." नाही टाकलं.

त्या सगळ्या कटिंग लोखंडी पेटीत होत्या. पेटीत उधई लागली, कागद खाऊन गेली. जेवढं वाचलं तेवढं मॅडमनी घरच्या कॉम्प्युटरवर स्कॅन करायले लावलं, एकेका कटिंगचे दोन-तीन तुकडे, पूर्ण साइजमधे. फोटो लहान करून ठेवा असं कोणीतरी सांगितलं त मॅडम त्याच्यावरच भडकल्या, "लहान? मी काय बाहुलीचे ब्लाऊज शिवून राहिली का?" मग काय होणार. कॉम्प्युटर भरला. ऐन लग्नाच्या दिवसात नवीन कटिंग ठेवायले जागा नाही.

मी मोबाइलवर शोधलं. आपल्या कॉम्प्युटरमधेच एक सोय असते. फोल्डरवर राइट क्लिक करायचं, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, तिथं एक टिक. मग त्या फोल्डरमधल्या फाइली कॉम्प्युटर स्वतःच कमी जागेत ठेवते. आपण फाइल उघडली की आपोआप जशीच्या तशी पूर्ण करून दाखवते, बंद केली की परत कमी जागेत. आपल्याले काहीच करा लागत नाही. मी मॅडमले हे सगळं एका दमात सांगितलं. एवढं मी त्याआधी कधीच बोलली नव्हती. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ब्लाऊज किती घट्ट होईल?"

"घट्ट नाही होणार मॅडम."

"दाबलं की घट्ट होतेच."

"मॅडम, कागद दाबून नाही राहिलो. कटिंगमधे बहुतेक कोरा कागदच असते ना? त्याचा एक एक पांढरा ठिपका लिहून ठेवण्यापेक्षा, इथून तिथपर्यंत पांढरं, असं लिहून ठेवते. उघडताना परत सगळे ठिपके मांडते. साडी घडी करून ठेवली त साडी कमी होते का?"

"कमी नाही होत. पण घडी पडते."



शेवटी जागाच नव्हती म्हणून मॅडम हो म्हणल्या. टिक केली, अर्ध्याहून जास्त कॉम्प्युटर मोकळा झाला आणि फाइलींची नावं निळी झाली. तशी सोय केलेली फाइल ओळखू यावी म्हणून कॉम्प्युटर नाव निळं दाखवते, बस. पण मॅडम म्हणल्या, "निळी पडली ना? मतलब मार लागला." मग रोज सकाळी क्लासच्या आधी त्या स्क्रीनले टेप लावून माप घ्यायच्या. एके दिवशी कोणीतरी स्क्रीनवरचं चित्र लहान करून ठेवलं होतं, त त्या दिवशी आमचा क्लासच नाही झाला. प्रॉपर्टीजमधे दोन साइज दिसते, एक फाइलची आणि एक डिस्कवरची. मॅडम म्हणे, "दोन काहून? एक खरी आणि एक लोकांले सांगायची?" मग त्यांनी सगळं पेनड्राइव्हवर घ्यायले लावलं. तिथं फाइली पूर्ण साइजच्या होतात, त मावल्या नाहीत. "कॉम्प्युटरमधे मावते, इथं काहून नाही मावत?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मी परत सांगितलं. जामसांवलीच्या हनुमानाले येणाऱ्या गर्दीमुळं शनिवारी क्लास लवकर सुटते, तेवढीच मले सुट्टी.

पण खरी गडबड पुढं झाली. प्रिंटर बिघडला. दुरुस्त करणाऱ्यानं प्रिंटरचं सगळं सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाकलं. त्यानंतर आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक रेखाकाकूंच्या भावाचं लग्न आलं, त त्यांची जुनी कटिंग प्रिंट करून ब्लाऊज शिवला. दुसऱ्या दिवशी रेखाकाकू ब्लाऊज घेऊन दारातूनच ओरडल्या, "मॅडम, तुमचा कॉम्प्युटर डाएटवर हाय का? श्वास नाही घेता येत याच्यात!"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मग स्क्रीनवरच्या निळ्या नावांकडं पाहिलं. 

त्याच दिवशी पांढुर्ण्याकडच्या काकूंचं कापड आलेलं होतं. त्यांच्या पोरीचं लग्न होतं. पिशवीतून कापड काढून मॅडम कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि म्हणल्या, "टिक काढ. सगळं होतं तसं कर." मी काढली. थोड्या फाइली परत काळ्या झाल्या आणि मधेच कॉम्प्युटर थांबला, म्हणे जागा नाही. कशी राहील? मोकळ्या जागेत मॅडमनी सीझनभर नव्या कटिंग टाकल्या होत्या. आता सगळं पूर्ण साइजमधे उघडून ठेवलं त मावतच नव्हतं.

मॅडम उगीच रागावणाऱ्या नाहीत. पण माप हा त्यांचा धर्म हाय. त्या हळूच म्हणल्या, "चुकीचं माप घरात ठेवण्यापेक्षा नसलेलं बरं. कोणीतरी त्याच्यावर कापड कापेल." त्यांनी स्वतः माउस धरला, निळ्या नावांचा तो सगळा फोल्डर पकडला, खांदा खाली असलेल्या बाया, बाक असलेल्या बाया, काकू, सगळ्या त्याच्यात, आणि त्यांचं बोट डिलीटवर गेलं.

"मॅडम, थांबा!"

हे मी ओरडली. क्लासमधल्या सगळ्या मशिनी थांबल्या. माझा आवाज एवढा मोठा हाय हे मले बी माहीत नव्हतं. मॅडम माझ्याकडं पाहून राहिल्या होत्या आणि मले पुढचं वाक्य काही सुचेना. मग जे हातात होतं तेच केलं. रेखाकाकूंच्या कटिंगचा प्रिंट टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यातल्या रेघेले टेप लावला. चार इंचाहून कमी भरली.

"पाहा," मॅडम म्हणल्या, "आक्रसली."

मी एक नवी कटिंग घेतली, सकाळीच स्कॅन केलेली. ती बाहेर होती, टिकच्या फोल्डरमधे नव्हती, नाव काळं. तिचा प्रिंट काढला. तिची रेघ बी तेवढीच कमी. मग मी प्रिंटच्या खिडकीत शोधलं. दुरुस्तीनंतर तिथं आपोआप एक टिक आली होती, चित्र कागदावर बसेल एवढं करा म्हणून. तो प्रिंटरच सगळं लहान करून राहिला होता, काळं बी आणि निळं बी. ती टिक काढली, पांढुर्ण्याकडच्या काकूंची निळी फाइल उघडली, प्रिंट काढला. या वेळी रेघेले टेप मॅडमनी स्वतः लावला. चार इंच. परत लावला. चार इंच.

मले वाटलं, आता मॅडम शाबास म्हणतील. मॅडम म्हणल्या, "म्हणूनच सांगते रेघ मारत जा. कोणी ऐकते का?"

आता बोला.

पण फोल्डरवरची टिक त्यांनी परत करायले लावली. सगळी नावं निळी झाली आणि जागा परत मोकळी झाली. रेखाकाकूंचा ब्लाऊज मॅडमनी नवीन कापड आणून स्वतः शिवून दिला. पांढुर्ण्याकडच्या काकूंचा बी त्यांनीच शिवला. काकू आल्या, आत गेल्या, दार लावलं. आम्ही बाहेर मशिनी चालवायचं नाटक करून राहिलो. मॅडम त टाचणीच शोधून राहिल्या होत्या, टाचण्या समोर असून. काकू त्याच्यावर साडी नेसूनच बाहेर आल्या, पदर सरळ केला आणि म्हणल्या, "जुन्या मापाचंच हाय," आणि बसची वेळ झाली म्हणून तशाच निघाल्या, नवा ब्लाऊज घालूनच. मॅडम दारात जाऊन उभ्या राहिल्या. वापस आल्या त्या डोळे पुसत, आणि मलेच म्हणल्या, "पंखा जोरात लावला वं, धूळ उडून राहिली." पंखा बंद होता. लाइटच नव्हती.

तर अशा आमच्या मॅडम. त्यांच्या साठीसाठी आम्ही पोरींनी त्यांचा ब्लाऊज शिवला हाय. माप देत नव्हत्या. "माझं माप मले माहीत हाय," म्हणे. एवढ्या बायांच्या कटिंग ठेवल्या, त्याच्यात स्वतःची एक बी नाही. मग त्यांचा जुना ब्लाऊज दोरीवरून उचलून आम्ही माप काढलं, कटिंग केली, कोपऱ्यात रेघ मारली, स्कॅन केली. फोल्डरमधे काकूंच्या फाइलच्या खालीच आता एक फाइल हाय, निर्मला मॅडम. तिचं नाव बी निळं झालं. मार लागला नाही मॅडम, नीट पाहा.

तुमची तब्येत चांगली राहो, डोळे सुईत दोरा ओवण्याइतके पक्के राहोत आणि आम्हाले तुमचा छळ अजून खूप वर्षं भेटो. म्हातारपणात माणसाचं माप बदलते म्हणतात. बदलू द्या. दर वर्षी आम्ही तुमची नवीन कटिंग काढू आणि जुनी एक बी काढून टाकणार नाही. जागेचं टेन्शन घेऊ नका. जागा बक्कळ हाय.