सासूबाईंची पंचाऐंशी खोकी

जपानमधल्या मात्सुमोतो शहरातल्या एका घरात माणसं दोनच. विधवा फुमिए आणि तिच्या ब्याण्णव वर्षांच्या सासूबाई, तोमे. खोकी मात्र पंचाऐंशी! लग्नकार्यात भेट मिळालेले टॉवेल, चहाचे कप, बिस्किटांचे रिकामे डबे, सारं पडवीत छतापर्यंत रचलेलं. त्या हिवाळ्यात तोमे तिथेच अडखळल्या आणि मनगट मोडून बसल्या.

"बस्स! आता हे सगळं न्यायला ट्रकच बोलावते," फुमिए कडाडली.

"बोलाव की. मलाही त्यातच घाल!"

शाळेच्या स्वयंपाकघरात फुमिएने तीस वर्षांत भाताचं शीत वाया जाऊ दिलं नव्हतं. ट्रक बोलवायला तिचाही हात धजेना. दोन दिवसांनी चहा झाल्यावर तिने एकच खोकं सासूबाईंपुढे सरकवलं.

"टाकायचं नाही. कुणाच्या उपयोगी पडेल, तेवढं सांगा."

तोमेंनी आत डोकावलं. "कप देवळात दे, तिथल्या कपांचे टवके उडालेत. हा सुती किमोनो पार विरलाय, फडकी कर त्याची."

मग रोज चहानंतर एक खोकं. कुठली वस्तू कोणी दिली, कोणाकडे नीट नांदेल, म्हातारीला सगळं तोंडपाठ. एकदा फुमिएच्या नवऱ्याची शाळेतली टोपी निघाली. दोघींनी ती हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. त्या दिवशी पुढे काही उपसलं नाही.

उन्हाळ्यापर्यंत जपून ठेवायची अशी नऊच खोकी उरली. तोमे म्हणाल्या, "माझं झालं. आता तुझं कपाट उघड, सूनबाई."

कपाटातून टीव्हीवर पाहून मागवलेली भाजी चिरायची सहा यंत्रं निघाली.

"अगं, मुळा चिरायचाय की डोंगर फोडायचाय?"

फुमिए आधी ओशाळली, मग हसत सुटली. त्यानंतर काही घ्यायचं झालं की आधी ती कपाट उघडून बघू लागली. निम्म्या वेळा विकत घ्यायची गरजच पडेना.

पडवीत ऊन आलं. फुमिएची अर्धी दुपार वस्तू शोधण्यात जायची, ती मोकळी झाली. वीस वर्षांनी ती पुन्हा बुधवारी पोहायला जाऊ लागली. परत आली की आतून हाक ऐकू येते, "केस नीट पूस गं, मला तुझी सेवा करता यायची नाही!"