गाडी आपांच्या गावाला गेली नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुम्हाला का सांगतेय? — एका बाईचे माझ्यावरचे उपकार सांगायला बसले की हे मध्ये येतंच, आणि ते गाळून पुढे जाता येत नाही.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची बौद्धवाडी. मी महाडला एका शाळेत शिकवायचे आणि वाडीतल्या बायकांचं मंडळ चालवायचे. नव्वदनंतरची वर्षं. घाटावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या होत्या, ज्याच्या त्याच्या तोंडी ‘अपारंपरिक ऊर्जा’. आमच्या वाडीत मात्र विजेचा खांब पोचला नव्हता. पोरं रॉकेलच्या चिमणीपुढे बसून अभ्यास करायची, सकाळी त्यांच्या नाकपुड्या काळ्या.

जुबेदाआपा सावित्रीकाठच्या एका गावातल्या. नवरा आखातात, घरात सासू आणि दीर. तिथल्या मुसलमान बायका जमवून त्यांनी शिवणाचं मंडळ काढलं होतं. आमची ओळख महाडच्या बाजारातली. एकदा मला थांबवून म्हणाल्या, “मुंबईची एक संस्था हाय. सौर दिव्यांना पैसे देते, आपल्यासारख्या छोट्या मंडळांना. आम्ही अर्ज टाकलाय. तू पण टाक गो.”

लक्षात घ्या — मला हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी सांगितलं नसतं तर मला कुठून कळणार होतं?

संस्थेच्या एक बाई जीपने पाहणीला आल्या. आधी आमची वाडी, परतताना आपांचं गाव, असं ठरलेलं. आमच्या बायकांनी ओवाळलं, पोरांनी गाणं म्हटलं. जेवताना बाई सहज बोलल्या, “या भागात यंदा एकाच मंडळाला देता येईल.”

मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. तेव्हाच माझ्या मनात काही शिजायला लागलं होतं का? — नसावं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण असावं.

आपांच्या गावची वाट दाखवायला मीच जीपमध्ये बसले. मागच्या सीटवर. महाडच्या अलीकडे बाईंनी मान वळवून विचारलं, “ते दुसरं मंडळ कसं आहे हो?”

आणि मी म्हणाले, “ते नावालाच आहे. मुसलमान बायका ना — घरचे पुरुष बाहेर पडू देत नाहीत.”

एवढंच. आवाज चढवला नाही, अडखळलेही नाही. लोक आमच्या वाडीबद्दल असंच एका वाक्यात बोलून मोकळे होतात, हे लहानपणापासून ऐकत आलेली मी. मला ते वाक्य किती सहज जमलं. बाई म्हणाल्या, “मग राहू दे, अंधार पडायच्या आत मुंबईच्या वाटेला लागू,” आणि ड्रायव्हरला सरळ घ्यायला सांगितलं.

फाट्यावर आपांच्या मंडळातल्या दोघी उभ्या होत्या. डोक्यावर ओढण्या, एकीने हात वर केलेला. मी तोंड फिरवलं. त्यांनी मला पाहिलं का? आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी मी आपांकडे गेले. का गेले? — त्यांना काय कळलंय ते बघायला, दुसरं काय. अंगणात मांडव तसाच होता. कडेला तांदळाच्या भाकऱ्यांची चळत झाकलेली.

“आमच्याकडे नाय आली गो गाडी,” त्या म्हणाल्या. “उशीर झाला असंल त्यांना. तुझ्याकडे आली ना? मग झालं.” आणि निघताना त्यातल्याच भाकऱ्या माझ्या पिशवीत घातल्या. मी त्या घरी नेल्या. खाल्ल्याही.

पैसे आम्हाला मिळाले. दिवे, बॅटऱ्या, काचेची पॅनलं महाडपर्यंत येऊन पडली. पावसाने आमचा रस्ता खचलेला, एकही टेम्पोवाला वर यायला तयार होईना. आपांनी दिराला ट्रक घेऊन पाठवलं, आणि भाड्याचं नाव काढू दिलं नाही. वाडीत दिवे लागले तेव्हा त्या पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “बघ, झालं की नाय तुझं?”

आज वाडीतल्या मुली नर्स आहेत, एक तलाठी आहे. त्या माझे आभार मानतात. मी मनात दुसऱ्याच बाईचे मानते.

आणि आपांचं मंडळ? त्या दिवसानंतर तिथले पुरुष म्हणू लागले, मांडव घातलात, दिवसभर ताटकळलात, कोण आलं? एकेकीचं येणं थांबलं. वर्षभरात शिवणयंत्रांवर कापड घालून ठेवलं गेलं. जीपमध्ये मी बोलले ते खोटं होतं — माझ्यामुळे ते खरं झालं.

आपा मात्र दर ईदला शीरखुर्म्याला बोलावत राहिल्या आणि मी जात राहिले. माझ्या मुलीच्या लग्नात दोन दिवस आधी येऊन राहिल्या. इतकं प्रेम मला फार थोड्यांनी दिलं. मी ते घेतलं, सगळं.

नंतर मुलाने त्यांना कायमचं आखातात नेलं. निघायच्या आदल्या दिवशी भेटायला गेले तर नव्या सुनेला म्हणाल्या, “ही सुनंदा. हिने आपल्या वाडीत उजेड आणला.”

मी म्हणाले, “आपांनी सांगितलं म्हणून.”

माझ्या तोंडून तेवढंच बाहेर पडलं. त्यांनी चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवली आणि सुनेला साखर आणायला आत पाठवलं. आम्ही दोघीच होतो. आपा माझ्याकडे बघत थांबल्या होत्या, घाई नव्हती त्यांना. मी चहा प्यायले आणि उठले.