वानखडे मिस्त्रींचे चार रविवार

वानखडे मिस्त्रींकडे गाडी नेली की बॉनेटला हात लावायच्या आधी ते डिकी उघडत. गाडी पेट्रोल फार पिते म्हणून मी पहिल्यांदा गेले, तेव्हा डिकीत त्यांना गव्हाचं अर्धं पोतं आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सापडले. त्यांनी ते स्वतः उतरवले, चारही चाकांत हवा भरली आणि म्हणाले, "न्या आता, मॅडम. गाडीले काही झालं नाई. तुमी तिचा टेम्पो करून टाकला होता." पैसे घेतले नाहीत.

सोनाळ्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवत असे. जळगाव जामोदहून रोज गाडीने ये-जा, त्यामुळे पेट्रोलचा विषय डोक्यात कायम. अकोल्याच्या एका प्रदर्शनात मी पेट्रोल वाचवणारं यंत्र घेतलं. यंत्र म्हणजे दोन काळी लोहचुंबकं, पेट्रोलच्या नळीवर चिमट्यासारखी बसवायची. त्यांच्यामुळे पेट्रोलचे कण रांगेत उभे राहतात आणि पूर्ण जळतात, असं विक्रेत्याने सांगितलं. दर वर्षी वर्गात चुंबकत्व शिकवणाऱ्या मी त्यावर मान डोलावली.

महिन्याभराने मिस्त्रींना मी कौतुकाने सांगितलं की गाडी खरंच जास्त चालते आहे. ते हसले नाहीत. यंत्र लावल्यापासून गाडी कशी चालवता, एवढंच त्यांनी विचारलं. मी विचार केला. एव्हरेज किती पडतं ते पाहायचं म्हणून मी हळू चालवत होते, उगाच ब्रेक मारत नव्हते.

"मंग पेट्रोल तुमच्या पायानं वाचवलं, मॅडम," ते म्हणाले. "नाव मात्र चुंबकाचं झालं."

मला राग आला नाही, लाज वाटली.

गोष्ट एवढ्यावरच राहिली असती. पण त्याच सुमारास त्यांचा साळा सुनील याने वरवट बकालला अशाच यंत्राची एजन्सी घेतली. शोभाताईंचा, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचा, हा एकुलता एक भाऊ. तो खोकं भरून यंत्रं घेऊन गॅरेजवर आला. सोनाळ्यात मिस्त्रींच्या शब्दावर लोक गाडी विकत घेत आणि विकत. भाऊजींनी नुसतं "लावा" म्हटलं तरी खोकं आठवड्यात रिकामं होईल, हे त्याला ठाऊक होतं. शोभाताईंनीही चहा देताना भावाची बाजू घेतली.

मिस्त्रींनी नाही म्हटलं नाही. चार रविवार मागून घेतले.

गाडी माझी ठरली आणि चालवायची सुनीलनेच, म्हणजे कोणी मुद्दाम ॲक्सिलरेटर दाबला असं म्हणायला जागा नको. रस्ता शेगावचा, जाऊन येऊन. निघताना टाकी गळ्यापर्यंत भरायची, परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरायची आणि किती लिटर बसलं ते पाहायचं. नळीवर फडकं गुंडाळलेलं. आत चुंबक आहे की नाही, ते फक्त मला माहीत. मिस्त्रींनाही सांगायचं नव्हतं. "मले कळलं तं माह्यं मन तिकडंच झुकन," ते म्हणाले. इतकी वर्षं प्रयोगवही तपासणाऱ्या मला हे सुचलं नसतं.

चौथ्या रविवारी, जमलेल्या गिऱ्हाइकांसमोर, गॅरेजच्या भिंतीवर खडूने चार आकडे लिहून झाले. मग मी सांगितलं की दोनदा चुंबक होतं आणि दोनदा नव्हतं. आकड्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सगळ्यात कमी पेट्रोल लागलं ते चुंबक नसतानाच्या एका फेरीत.

सुनीलने यंत्रांचं खोकं बंद केलं. मग म्हणाला, "भाऊजी, घरच्या माणसासाठी एवढंसं बोलले असते तं काय गेलं असतं?"

"आज लोकायले याचं खोटं सांगतलं," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "तं उद्या मी ब्रेक ठीक हाये म्हणन, तवा ते माह्यावर काऊन भरोसा ठेवतीन? पोरंबाळं बसतेत त्या गाडीत."

सुनील खोकं उचलून निघून गेला. भाऊबीजेलाही आला नाही. शोभाताई ओवाळणीचं ताट घेऊन अंधार पडेपर्यंत ओसरीत बसल्या होत्या, असं मला मागून कळलं.  मिस्त्री मला एकदाच म्हणाले की आकडे खरे होते, पण सगळ्यांसमोर भिंतीवर लिहायला नको होते. आधी सुनीलला बाजूला घेऊन सांगायला पाहिजे होतं.

हीच गोष्ट त्यांनी वरवटला जाऊन सुनीलला सांगितली. काय बोलणं झालं ते कोणी सांगितलं नाही. पण उन्हाळ्यात सुनील पुन्हा गॅरेजवर दिसू लागला. यंत्रं त्याने कंपनीला परत केली होती आणि भाऊजींच्या हाताखाली चाकांचं काम शिकत होता. आता वरवटच्या फाट्यावर त्याचं टायरचं दुकान आहे. ते बरं चालतं.

माझी बदली बुलढाण्याला झाली. परवा वर्गात एका मुलीने विचारलं की जमिनीखालचं पाणी नारळाने सापडतं, हे खरं का. पूर्वी मी तिला झटकन उत्तर देऊन गप्प बसवलं असतं. मी म्हटलं, "कसं तपासायचं, ते तूच सांग." ती उभ्याउभ्या विचार करू लागली. नारळ धरणाऱ्याचे डोळे बांधायला हवेत, असं ती म्हणाली, आणि सगळा वर्ग एकदम बोलायला लागला.